पिराजीचा कापलेला प्रवेश

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत पिराजी वर्षभर साचे भरतो आणि वर्षाकाठी एक नाटक लिहितो. कामगार दिनाला युनियनच्या हॉलसमोर मांडव घालून ते होतं. त्यात मालक ढेरपोट्या, कामगार देवमाणूस आणि शेवटी झेंडा. हसू नका. पिराजीला कामावरून काढलं तेव्हा याच युनियननं भांडून त्याला परत आत घेतलं. ते तो विसरलेला नाही, आणि विसरूही नये.

युनियनची एक रीत मात्र भारी. नाटक आधी बैठकीत वाचायचं आणि ठराव करतात तसा एकेक प्रवेश हात वर करून मंजूर करून घ्यायचा. आजवर पिराजीचं एक अक्षर अडलं नव्हतं. यंदा त्यानं संप जिंकून घरी आलेला कामगार दाखवला. गळ्यात हार, आणि भाकरी गार म्हणून बायकोच्या कानाखाली जाळ काढतो.



"मालकाच्या हातात कोलीत देतोस व्हय रं, पिराजी?" अध्यक्ष अमरसिंह म्हणाले.

"खोटं हाय का, दादा?"

"खोटं न्हाय. पर आपल्या कामाचं न्हाय."

प्रवेश कापायला भराभर हात वर झाले. सगळ्यात आधी त्याच्याच फाउंड्रीतल्या केरबाचा. नाटकच मागं घेतो, असं अगदी ओठावर आलं होतं. पण ज्यांच्यामुळं घरची चूल पेटती राहिली, त्यांच्यापुढं ते बोलवेना. वहीतलं ते पान दुमडून तो खाली बसला.

त्या प्रवेशातलं कामगाराचं घरी येणं आणि बायकोचं एकच वाक्य उरलं, "आलासा? हात धुवा, वाढते." ते वाट्याला आलं अंबूबाईच्या. ती केरबाची बायको, त्याच फाउंड्रीत कामाला.

नाटकाच्या दिवशी मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. संप जिंकलेला नट आत आला आणि गळ्यातला हार काढून खुंटीला अडकवायला त्यानं हात उचलला. अंबूबाईनं झटकन मान खाली घातली, कोपर तोंडासमोर धरलं. क्षणभरच. मग सावरून तिनं आपलं वाक्य म्हटलं. पुरुषांतून कुणीतरी फिस्सकन हसला. बायकांच्या बाजूनं मात्र कुणी हूं की चूं केलं नाही. पुढं बसलेला केरबा उगाच चपला शोधू लागला.

खेळ संपल्यावर अमरसिंह तणतणत पडद्यामागं आले. "कापलेलं परत घातलंस की रं!"

"देवाशप्पत, दादा. म्या न्हाय घातलं."

ते खरंच होतं. प्रवेश तालमींच्या आधीच गेलेला, अंबूबाईला तो ठाऊकही नव्हता. दोघं तिच्याकडं बघत राहिले. तोंडावरची पावडर पुसता पुसता ती बिचारी घाबरली.

"माझं काय चुकलं का, दादा?" ती म्हणाली. "त्येनं हात उचलला, आन् मला काय समजलंच न्हाय."