अर्लेटाची मजुरी

कोल्टर्स मिलमध्ये कुणी मोठं आजारी पडलं की डॉक्टरच्या आधी बरणी यायची. लोणच्याची रिकामी, मोठी काचेची बरणी, वर आजाऱ्याचा हसरा फोटो चिकटवलेला, आणि ती पेट्रोल पंपाच्या गल्ल्याशेजारी ठेवलेली. मग एखाद-दोन आठवड्यांत शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये मासे तळले जायचे. आठ डॉलरला एक डबा. त्यात कॅटफिशचे दोन तुकडे, मक्याच्या पिठाची गोल भजी आणि कोबीची कोशिंबीर. जमेल तो पैसा आजाऱ्याच्या घरी जायचा. अलाबामाच्या त्या डोंगराळ कोपऱ्यात गरिबाचा आरोग्य विमा म्हणतात तो हाच, आणि तो गेली काही वर्षं अर्लेटा सग्ज नावाच्या एका बाईच्या हातांवर चालला होता.

ते हातही काही धड नव्हते. अठराव्या वर्षी ती गावच्या कोंबड्यांच्या कारखान्यात लागली आणि पस्तीस वर्षं पट्ट्यावर उभी राहून कोंबड्यांची हाडं काढत राहिली. मनगटं त्यातच गेली. २००८ साली कारखाना बंद झाला, आणि त्याच्याबरोबर कारखान्याचा विमाही. नवरा त्याच्या आधीच गेला होता, म्हणजे मेला नव्हता; टेक्सासला ट्रक घेऊन गेला तो ट्रकसकट तिकडचाच झाला. मूलबाळ नव्हतं. मग ती मिस इमोजीनकडे राबू लागली. मिस इमोजीन नव्वदीची म्हातारी. तिला आंघोळ घालायची, गोळ्या द्यायच्या, टीव्हीवरच्या मालिकेत काल काय झालं ते रोज नव्यानं सांगायचं. त्याचे वर्षाला जेमतेम दहा हजार डॉलर मिळायचे, आणि अर्लेटा त्यात कुणापुढे हात न पसरता राहायची, याचा तिला फार अभिमान होता. नको तितका होता, असं माझं मत आहे.

मासे मात्र तिच्यासारखे कुणी तळावेत! ताकात मासा भिजवायचा हे तिकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक, पण त्या ताकात ती काय घालायची ते तिनं कुणाला सांगितलं नाही. शेजारच्या दोन गावांतून लोक डबे न्यायला यायचे. पहिल्याच जेवणाला आजाऱ्याच्या बायकोनं तिच्या हातात वीस डॉलर कोंबले, तर अर्लेटानं ते तिच्याच पर्समध्ये परत घातले आणि दोन दिवस रागानं तिच्याशी बोलली नाही. तिची आई म्हणायची, दुसऱ्याच्या दुखण्यावर आपली चूल पेटवू नये. वर्षाला तीसेक जेवणं व्हायची. प्रत्येक जेवणाला पहाटेपासून दुपारपर्यंत उकळत्या तेलापुढे उभं राहायचं, आणि दमडी घ्यायची नाही.

२०१३ च्या उन्हाळ्यात तिच्या घशाखाली घास अडकू लागला. आधी मक्याची भाकरी अडकली, मग मांस. ती पाण्याचा घोट घ्यायची आणि ढकलायची. वय झालं, दात गेले, घाईनं खाते, अशी कारणं तीच स्वतःला पुरवायची. गावातल्या दवाखान्यातल्या नर्सनं सांगितलं, नळी घालून आत बघायला पाहिजे. त्याचे हजारांत पैसे होते. अर्लेटानं ऐकून घेतलं आणि घरी येऊन भाकरी सोडून दिली.

त्याच वर्षी नवा कायदा आला. सगळ्यांना विमा मिळणार म्हणे. गावात त्याच्या नावानं बोटं मोडायची चढाओढ लागली होती आणि तीत पुढे होता रॉइस पेटस, अर्लेटाच्या बहिणीचा नवरा. चर्चचा खजिनदार, गावातल्या हार्डवेअरच्या दुकानाचा मालक, आणि म्हाताऱ्यांच्या सरकारी विम्यावर दोन्ही गुडघे नवे बसवून घेतलेला गृहस्थ. त्या नव्या गुडघ्यांवर ताठ उभा राहून तो सांगायचा, "सरकारनं फुकट औषध दिलं की माणूस आळशी होतो."

अर्लेटा कुणाला न सांगता ग्रंथालयात गेली. अर्ज भरून द्यायला तिथे कँडेस नावाची एक तरुण मुलगी बसायची. नाव, वय, पत्ता झाल्यावर तिनं विचारलं, "मिस अर्लेटा, वर्षाचं उत्पन्न?"

"दहा हजार. शंभर इकडे, शंभर तिकडे."

कँडेसची बोटं थांबली. "थोडे कमी पडतायत."

"कमी कसे पडतात गं? गरिबांसाठीच आहे ना हे?"

"आहे. पण असं आहे बघा, साडेअकरा हजारांच्या वर असलात तर तुमचा बहुतेक हप्ता सरकार भरतं. तुम्हाला महिन्याला वीसेक डॉलर पडले असते. त्याच्या खाली असलात तर गरिबांच्या योजनेत जायचं. आणि ती योजना वाढवायला आपल्या राज्यानं नकार दिलाय."

"म्हणजे मी खाली आहे, तर मला काय?"

"काही नाही. सगळा हप्ता तुम्हीच भरायचा. महिना पाचशे."

"म्हणजे मला मदत मिळायला मी आणखी थोडी श्रीमंत पाहिजे होते."

"मी नाही केला हो कायदा," कँडेस म्हणाली. दिवसातून दहा वेळा तिला हे म्हणावं लागत असणार. मग तिनं आवाज खाली आणला. "दुसरी काही कमाई नाही का? आठवून बघा. माझी आई अजून तुमच्या माशांचं नाव काढते. त्या स्वयंपाकाचं काही मिळतच असेल की."

"आजाऱ्याच्या जेवणाचं? पैसे? मला?"

"मिळत असेल, किंवा पुढच्या वर्षी मिळणार असेल, तर लिहिता येईल. अंदाजच विचारलाय त्यांनी."

"मी कागदावर खोटं लिहीत नाही, पोरी," अर्लेटा म्हणाली आणि कोट घालून उठली. तिला खोटं बोल असं कुणी म्हटलंच नव्हतं, पण मानी माणसाला एवढंही पुरतं.

पण घास अडकतच होता. अख्खा हिवाळा तिनं सूप आणि कुस्करलेल्या बटाट्यावर काढला. चेहरा शेकत तेलापुढे उभी राहायची, शेकडो डबे भरायची आणि स्वतः मात्र एक तुकडा तोंडात धरून चव बघून थुंकून टाकायची. फेब्रुवारीत तिनं हिशेब केला. तीस जेवणं, दर जेवणाला पन्नास डॉलर. दीड हजार. दहा हजारांत मिळवले की रेषा ओलांडली जाते, काठाकाठानं का होईना. आणि ते खोटं नव्हतं, कामच होतं ते. मार्चअखेरपर्यंत अर्जाची मुदत होती. आईचं म्हणणं गिळून ती चर्चच्या समितीपुढे उभी राहिली. घास गिळण्यापेक्षा ते तिला जड गेलं.

समिती म्हणजे पाच माणसं, आणि बोलायचा एकटा रॉइस.

"सेवेचे पैसे, अर्लेटा? उद्या आपले पाद्री ब्रदर हार्लन प्रार्थनेचे मागतील."

"ते घेतातच की. दर महिन्याला."

कुणीतरी हसलं. रॉइस हसला नाही. "तो पगार आहे. तुझं हे आजाऱ्याच्या तोंडचं काढून घेणं झालं."

"दोनशे डबे विकतोस तू, रॉइस. त्यातले सहा डबे माझे धर. रेव्हज्‌च्या पोराच्या जेवणाला बावीस पौंड मासा उरला होता, तो कुणी नेला ते मी बोलले नाही."

"मुद्दा सहा डब्यांचा नाही गं, तत्त्वाचा आहे. हा सरकारचा डाव आहे. आज तू पगार घेशील, उद्या ते चर्चच्या वह्या बघायला येतील." मग तो मऊ झाला. तो वाईट माणूस नव्हता. तसा असता तर बरं झालं असतं, निदान त्याच्याशी भांडता आलं असतं. "हे बघ, देव न करो, तुझ्यावर वेळ आलीच तर आम्ही मेलोय का? या गावानं कधी पाहिलं नाही असं जेवण घालू तुझ्यासाठी."

बाकीच्या चौघांनी माना डोलावल्या. अर्लेटानंही डोलावली. भीक मागितल्यासारखं तिला वाटलं होतं आणि ती कधी एकदा घरी जाते असं झालं होतं. पुढे सरकारचं एक पत्र आलं. आपलं उत्पन्न फारच कमी असल्यामुळे विमा नसल्याचा दंड आपल्याला माफ करण्यात येत आहे. सगळ्या कायद्यातून तिच्या पदरात पडलं ते एवढंच. तिनं ते फ्रिजच्या दारावर लावून ठेवलं.

पुढच्या जानेवारीत ती मिस इमोजीनच्या स्वयंपाकघरात पडली. सूपही उतरत नव्हतं. इस्पितळाच्या तातडीच्या विभागाला कायद्यानं कुणालाच हाकलता येत नाही, म्हणून तिला आत घेतलं आणि दीड वर्षापूर्वी घालायची ती नळी आता घातली. अन्ननलिकेत गाठ होती, आणि बरीच वाढलेली.

"त्रास कधीपासून आहे?" डॉक्टरनं विचारलं.

"रेव्हज्‌च्या पोराचं जेवण होतं तेव्हापासून."

"म्हणजे कधी?"

ती मनाशी मोजू लागली. "चव्वेचाळीस जेवणं झाली त्याला."

डॉक्टरला काही कळलं नाही. चार दिवस ठेवून, सुया लावून, अंगात जरा धुगधुगी आल्यावर तिला घरी पाठवलं. पुढचे उपचार करायचे तर विमा तरी हवा, नाहीतर इतका पैसा की तो आकडा ऐकून बहीण डोना खुर्चीत बसली.

पंपावर बरणी आली. फोटो कारखान्यातल्या नाताळच्या पार्टीतला होता, त्यात अर्लेटाचे गाल भरलेले होते. फेब्रुवारीच्या पहिल्या शनिवारी जेवण ठरलं. आणि मग प्रश्न आला की मासे कोण तळणार? डोनानं एकदा करून पाहिले ते वातड झाले. मासा बिघडला तर लोक डबे घेणार नाहीत, आणि डबे गेले नाहीत तर नुकसान कुणाचं? अर्लेटाचंच. हे तिला सगळ्यांनी फार प्रेमानं समजावलं. तेव्हा स्वतःच्या आजारपणाच्या जेवणाला, वीस किलो उतरलेली ती बाई पहाटे पाचला ताकाचे डबे उघडून उभी राहिली. मधूनमधून स्टुलावर बसायची. रांगेतल्या एका परगावच्या माणसानं विचारलंही, "आज कुणासाठी आहे हो?" तिनं झाऱ्यानं भिंतीवरच्या फोटोकडे दाखवलं. त्यानं फोटो पाहिला, तिला पाहिलं, आणि त्याला काही ओळख पटली नाही. "बिचारी," म्हणाला, आणि चार डबे घेऊन गेला.

पाचशे अडतीस डबे गेले. वर देणग्या. दुपारी रॉइसनं खर्च वजा जाता उरलेला आकडा माईकवर सांगितला, चार हजार तीनशे आणि काही, आणि सगळा हॉल उभा राहिला. लोक रडत होते. खरंच रडत होते, त्यात ढोंग नव्हतं. पण त्या पैशात इस्पितळाचे चार दिवससुद्धा फिटणार नव्हते.

लोक पांगल्यावर रॉइस चेकबुक घेऊन स्वयंपाकघरात आला. अर्लेटा स्टुलावर बसली होती.

"रॉइस, चेकवर मजुरी म्हणून लिही. स्वयंपाकाची मजुरी."

"काय?"

"मी कँडेसला विचारलंय. भेट म्हणून दिलेत तर ते उत्पन्नात धरत नाहीत. मी आहे तिथेच राहते, रेषेच्या खाली. मजुरी म्हणून दिलेत तर मी वर जाते. पंधरा तारखेपर्यंत अर्ज भरता येतो. एक मार्चपासून विमा. जुनं दुखणं असलं तरी आता नाही म्हणता येत नाही त्यांना. वर्षभराची मजुरी धर. यातले दीड-दोन हजार मजुरी, उरलेली भेट."

"पण ही भेटच आहे ना, अर्लेटा."

"पहाटे पाचपासून उभी आहे मी. गेलं वर्ष सगळं उभी होते. ते काय होतं?"

रॉइसच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. "ते प्रेम होतं गं. आणि लोकांनी हे प्रेमानं दिलंय, तुला भेट म्हणून दिलंय. तू काहीही माग, मी दुकान गहाण टाकीन. पण मी कागदावर खोटं लिहीत नाही."

हे वाक्य तिच्या ओळखीचं होतं. तिला हसू आलं, आणि हसताना घशात दुखलं म्हणून तिनं ते आवरलं. रॉइसनं चेक फाडून दिला. कोपऱ्यात सुबक अक्षरात लिहिलं होतं, प्रेमाची भेट.

"दोन आठवड्यांनी हॅटलीच्या सुनेचं आहे," जाता जाता तो म्हणाला. "तुला झेपलं तरच हं."

"येईन. पन्नास डॉलर."

रॉइस मोठ्यानं हसला. इतक्या दुखण्यातही अर्लेटाला थट्टा सुचते, असं त्यानं घरी जाऊन डोनाला कौतुकानं सांगितलं.

ती गेली नाही. त्यानंतर ती एकाही जेवणाला गेली नाही. हॅटलीच्या सुनेचं जेवण पडलं, त्याच्या पुढचंही पडलं. जूनमध्ये अर्लेटा अंथरुणाला खिळली तेव्हा डोना वही आणि पेन घेऊन तिच्या उशाशी येऊन बसली. थोडा वेळ तिनं बहिणीचे केस सारखे केले, ओठ ओले केले, आणि मग म्हणाली, "अर्लेटा, ऐकतेस ना? त्या ताकात तू काय घालायचीस ते सांगून ठेव गं. चर्चसाठी. आजारी माणसांसाठी."

अर्लेटानं डोळे उघडले. "पन्नास डॉलर," ती म्हणाली.

"काय म्हणतेस?"

"पन्नास. आधी."

डोनानं वही मिटली आणि बाहेर येऊन रॉइसला सांगितलं की औषधाच्या गुंगीत बडबडतेय बिचारी. अर्लेटाला गुंगीचं औषध अजून कुणी दिलंच नव्हतं. त्याला विमा लागत होता.