बेटावरची हजेरी

आमच्याकडे बारशाची पंगत उठली की भाच्यांपैकी कोणीतरी म्हणतंच, "मावशी, ती नेपाळची गोष्ट सांग ना." मला आग्रह लागत नाही. मी सगळ्यांचे आवाज काढून सांगते, पोरं लोळून हसतात आणि आमची नाव बेटावरून सुटते तिथे मी गोष्ट संपवते. पुढचं कोणाला सांगितलेलं नाही.

घाटकोपरच्या आमच्या कॉलेजची सहल दिवाळीच्या सुट्टीत नेपाळला गेली होती. ऐंशीच्या दशकात आमच्या ऐपतीत बसणारा परदेश तेवढाच. पासपोर्ट लागत नाही आणि शेजारी "फॉरेनला गेली होती" म्हणायला मोकळे. मी लोकरी टोपी आणि आईने कोंबलेले दोन डबे चिवडा घेऊन फॉरेनला निघाले.

अभ्यासात माझा उजेड बेताचाच. कला एकच, प्रॉक्सी. निम्म्या वर्गाच्या आवाजात मी "येस सर" म्हणायचे. स्वतःच्या हजेरीपेक्षा दुसऱ्यांची जास्त मन लावून दिली.

माझ्या बाकावरची मैत्रीण, नंबर बावीस, किंचित नाकात बोलायची. तिचे वडील कोकणातले. संपात गिरणी गेल्यापासून मरोळला एका कारखान्यात वॉचमन होते. ते तिला पाठवायला तयार नव्हते. मीच मुलुंडला त्यांच्या चाळीत जाऊन, दोन कप चहा पिऊन, "माझ्या भरवशावर पाठवा काका" म्हणाले. त्यांनी अट घातली. पोखऱ्याहून रविवारी संध्याकाळी पाचला तिने फोन करायचा, ते चाळीखालच्या केमिस्टकडे बसून राहतील. फोन आला नाही तर कॉलेज बंद आणि गावाकडचं जे स्थळ आलं होतं, त्याला होकार. बीएस्सीचं शेवटचं वर्ष, वर्गात पहिली यायची ती.

त्या रविवारी पोखऱ्याजवळच्या एका तळ्यातली बेटं बघायला आम्ही चार नावांतून निघालो. पहिल्या बेटावर देऊळ होतं. तिथे फोटो काढले, चिवडा संपवला. दुसऱ्यावर नुसती झाडं. ती दिवसभर घड्याळ बघत होती. "सर, साडेतीनला निघू या ना." "अगं, चल ना, फोन राहील." दुपारपर्यंत आम्ही सगळ्या वैतागलो होतो. एकजण म्हणाली, "हिला इथेच सोडून जाऊ या, फोन करायला."

बेटावर सोय कुठली. मुली झाडांमागे जायच्या, एकीने राखण करायची. ती गेली तेव्हा राखणीला मी होते.

"थांब हं गं," ती आतून म्हणाली.

"थांबलेय," मी म्हटलं आणि चवड्यांवर चालत नावेत येऊन बसले. नावेतल्या आम्हा तिघींना हसू आवरेना. दहा मिनिटं घाबरवायचं आणि परत वळायचं, एवढाच बेत. पुढच्या नावेतून सरांनी हजेरी घेतली. "बावीस?" मी नाकात म्हणाले, "येस सर." इतकी हुबेहूब प्रॉक्सी मी पूर्वी कधी दिली नव्हती.

नावा सुटल्या. ती काठावर आली, हात हलवू लागली. आम्हीही हलवले. मग वारा सुटला. "भैया, वापस लो," मी म्हणाले. नावाड्याने पाण्याकडे बोट दाखवलं आणि मान हलवली. सरांना ओरडून सांगता आलं असतं. पण मग प्रॉक्सीचंही सांगावं लागलं असतं. मी टोपी कानांवर ओढली.

पावणेसातला एका कोळ्याने तिला काठावर आणून सोडलं. फोनचं ऑफिस बंद झालं होतं. ती मला एवढंच म्हणाली, "बाबांना तू सांग. माझं ऐकणार नाहीत, तुझं ऐकतील." मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी फोन लागला तेव्हा पलीकडून केमिस्टने सांगितलं की काका रात्री दुकान बंद होईपर्यंत बसून होते, आता यायला तयार नाहीत.

दादरला गाडीतून उतरलो तर काका प्लॅटफॉर्मवर उभे, अंगावर वॉचमनचाच खाकी शर्ट. तिने एका दमात सगळं सांगितलं, फक्त माझं नाव घेतलं नाही. काकांनी सरांकडे पाहिलं. सरांनी खिशातून यादी काढली. "बावीस नंबरवर टिक आहे. नावेत होती ती." त्यांनाही नोकरी होती.

मग काका माझ्याकडे वळले. "तू होतंस मा गो तिच्यावांगडा? खरा सांग."

तिने माझ्याकडे पाहिलं. मागे माझे वडील माझी बॅग उचलत होते. सर यादीची घडी घालता घालता थांबले.

"होती की काका, बरोबरच," मी म्हणाले. "आमच्याच नावेत होती."

काकांनी तिच्या हातातली पिशवी घेतली. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "तुझे उपकार झाले, बाळा." मग पुढे चालू लागले आणि ती त्यांच्या मागे गेली.

मार्गशीर्षात तिच्या लग्नाची पत्रिका आली. पाकिटावर अक्षर तिचंच होतं. मी गेले नाही. माझी परीक्षा होती.