न प्यायलेल्या दारूची शपथ

दवाखान्याच्या रेकॉर्ड रूममध्ये मी लागले तेव्हा मोठ्या बाबूंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं: डॉक्टर लिहील त्याचा नंबर टाकायचा, आपलं डोकं चालवायचं नाही. रोगी घरी गेला की त्याचा केसपेपर आमच्याकडे यायचा. त्यावरचं शेवटचं निदान वाचायचं, जाड पुस्तकात त्या आजाराचा नंबर शोधायचा आणि लाल शाईनं कोपऱ्यात लिहायचा. हिवतापाला एक नंबर, मधुमेहाला दुसरा. सिंदी मेघेहून सायकलनं यायचं, दिवसभर धूळ खायची, नंबर टाकायचे. डोकं न चालवणं मला कधी जमलं नाही, पण नोकरी टिकेल इतकं नाटक मी करत होते.

ते नाटक माझ्या बापाच्या केसपेपरनं मोडलं.

बाबा पोस्टमन होते. गिरडच्या रस्त्यावरच्या पाच-सात गावांची डाक त्यांनी वीस वर्षं सायकलनं वाटली. ऐंशी सालानंतर केव्हातरी त्यांची चाल बिघडली. पाय उचलेनात. जमिनीला घासत छोटी छोटी पावलं पडायची, वळताना तोल जायचा, बोलताना शब्द अडखळायचे. आणि आमचा जिल्हा पडला दारूबंदीचा. दुसरीकडे माणूस झोकांडला तर लोक म्हणतात, चक्कर आली असेल. आमच्याकडे बंदी, म्हणून प्रत्येकाचं नाक दुसऱ्याच्या तोंडाशी. "पोस्टमनभाऊ आजकाल घेऊन राह्यले," असं गावं बोलू लागली. बाबांनी जन्मात थेंब घेतला नव्हता. सुपारी तोंडात टाकली तरी आई ओरडायची.

एका आठवडी बाजारात ते सायकलवरून पडले. पत्रं भाजीच्या दुकानांतून पसरली. बंदोबस्तावरच्या शिपायानं त्यांना उचलून आमच्याच दवाखान्यात आणलं आणि सांगितलं, पेलेला हाये. भरती करणाऱ्या शिकाऊ डॉक्टरनं तेच लिहिलं. पुढे आठ दिवस ज्यानं त्यानं मागच्या पानावरून पुढच्या पानावर तेच उतरवलं, आणि घरी सोडायच्या दिवशी शेवटच्या निदानाच्या रकान्यातही तेच आलं: दारूचं व्यसन. बाबांवर खात्याची चौकशी लागली होती, आणि तिला याच कागदाची नक्कल जाणार होती.

केसपेपर माझ्या टेबलावर आला. मोठे बाबू जवळ येऊन हळूच म्हणाले, "घरचा पेपर हाये, तू हात नोको लावू. मी टाकतो तीनशे तीन."

तीनशे तीन म्हणजे दारूचं व्यसन.

"काऊन टाकता?" मी म्हटलं. "पुरावा कुठं हाये?"

"डॉक्टरनं लिवलं ना व. अजून काय पायजे?"

मी पेपर ओढून घेतला आणि पहिल्या पानापासून वाचला. डॉक्टरांची पानं सोडून सिस्टरांची वाचली, जी कुणीच वाचत नसे. पहिल्याच दिवशी एकीनं लिहिलं होतं, तोंडाला वास नाही. दर पाळीला रक्तदाब मांडलेला, दर वेळी दोनशेच्या वर. उजव्या हाताची पकड कमी. हे सगळं मी एका चिठ्ठीवर उतरवलं, टाचणीनं पेपरला लावलं आणि पेपर वॉर्डात परत धाडला. शिकाऊ डॉक्टर तणतणत आला. "कारकून कधीपासून निदान करायला लागले?"

"निदान तुम्हीच करा," मी म्हटलं, "पण एकदा तरी करा. हे तर शिपायानं केलंय."

नोकरी जायची भीती होती. पण खोटं कशाला बोलू, मजाही येत होती.

घरी जाऊन बाबांना सांगितलं, ही दारू नाही, डोक्यातलं काही दुखणं असणार. वाटलं, खूश होतील. ते म्हणाले, "दारूच राहू दे, माय."

मला कळेना.

"दारू सुटते," बाबा म्हणाले. "गिरडच्या टेकडीवर दर्ग्यात जातो, चार लोकायसमोर शपथ घेतो का सोडली म्हणून. मंग सायकल वापस भेटन मले. हे डोक्याचं लिवलं तं कोन देते?"

त्यांचं काही चुकत नव्हतं. आमच्याकडे दारू सोडणाऱ्याला हार घालतात, नारळ देतात, टाळ्या वाजवतात. आजाऱ्यासाठी कोण टाळ्या वाजवतो? न प्यायलेली दारू सोडायला माझा बाप तयार होता. मला रडू आलं आणि रागही आला, त्यात राग जास्त.

"शपथ घेऊनबी उद्या पडले तं?" मी विचारलं. "अन् माह्या हातानं मी तुमच्या पेपरवर खोटं लिवू? नाई लिवत."

दुसऱ्या दिवशी त्यांना जवळजवळ ओढतच मोठ्या डॉक्टरांपुढे नेलं. डोक्याच्या आतला फोटो काढायचं मशीन तेव्हा आमच्याकडे नव्हतं. डॉक्टरांनी बाबांना चालवलं, वळायला लावलं, हात दाबायला लावला. मग सिस्टरांची पानं शांतपणे वाचली. म्हणाले, "रक्तदाबानं मेंदूतल्या अगदी बारीक नसा बुजत चालल्यात. संत्र्याच्या बागेत शेवटच्या झाडापर्यंत पाणी पोचत नाही ना, तसं." जुन्या निदानावर त्यांनी एक आडवी रेघ मारली, नवं लिहिलं, खाली सही केली. रोज गोळी, मीठ कमी. आणि सायकल बंद.

बाबांनी फक्त शेवटचे दोन शब्द ऐकले.

मी लाल शाईनं चारशे सदतीस लिहिलं. मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे जे आजार दुसऱ्या कुठल्या नंबरात बसत नाहीत, त्यांचा तो नंबर. "जितली बाई," मोठे बाबू म्हणाले. चौकशी मिटली, आणि खात्यानं बाबांना कामाला नालायक ठरवून घरी बसवलं. कित्येक महिने ते माझ्याशी बोलले नाहीत. गोळीसुद्धा आईच्याच हातून घ्यायचे. मी माफी मागितली नाही, आजही मागणार नाही. तीनशे तीन लिहिलं असतं तर ती गोळी त्यांना कुणी दिलीच नसती.

वर्षभरानं त्याच बाजारात मी त्यांना घेऊन गेले होते. पानठेल्यावरून कुणीतरी हसून विचारलं, "काय पोस्टमनभाऊ, सकाळीच काय?"

बाबा थांबले. त्याच्याकडे वळायलाच त्यांना पाच-सहा पावलं लागली. सगळा ठेला बघत होता.

"डोक्याच्या बारीक नसा बुजल्या माह्या," ते एकेक शब्द जुळवत म्हणाले. "डॉक्टरनं लिवलं हाये. दारू नाई."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी त्यांचा दंड धरायला गेले, तर त्यांनी माझा हात झटकला.

"धरू नोको," बाबा म्हणाले. "धरलं का लोकायले पेलेलाच वाटते."