अंतराळवीराचं हुकलेलं उत्तर

मुलगी पुण्याला वसतिगृहात गेल्यापासून मी तिला रोज लांबलचक व्हॉइस मेसेज पाठवते. काल तिने लिहिलं, "आई, तू एकटीच बोलत असतेस." उत्तर द्यायला मी माइकच्या खुणेवर अंगठा दाबला आणि एकदम सिरसाळ्याची शाळा आठवली.

आमच्या विज्ञानाच्या सरांनी हॅम रेडिओवरून, म्हणजे हौशी लोकांच्या बिनतारी संचावरून, अंतराळवीराशी बोलायची परवानगी मिळवली होती. अंतराळ स्थानक आमच्या डोक्यावरून जायचं ते जेमतेम दहा मिनिटांत. सरांनी आठवडाभर माइक म्हणून हातात डस्टर देऊन सराव घेतला. बटण दाबून बोलायचं, बोलून झालं की 'ओव्हर' म्हणायचं, बटण सोडायचं.

माझी पाळी आली. वरून आमचं गाव दिसतं का, हा पाठ केलेला इंग्रजी प्रश्न मी एका दमात विचारला आणि 'ओव्हर' म्हटलं. पलीकडे सगळं शांत. मला वाटलं, खाली वाकून सिरसाळा शोधत असतील बिचारे.

सर कानाशी हळूच म्हणाले, "बाई, बोट काढ की. तू दाबून धरलंस तर त्यांचं आपल्याला कसं ऐकू यील?"

मी बटण सोडलं. खरखरीतून फक्त शेवटचं 'ओव्हर' ऐकू आलं. त्यांचं उत्तर देऊन झालं होतं. मी लई रडले. सर रागावले नाहीत. चिक्कीचा तुकडा हातावर ठेवत म्हणाले, "इचारलंस ते झ्याक केलंस. आता ऐकायला बी शीक."

काल मुलीला मी एवढंच विचारलं, "तिथं करमतं का गं तुला? ओव्हर."

आणि अंगठा उचलला.