चित्र की चालू?

आमच्या नालवाडीच्या ऑफिसात माणसं तीन अन् किस्से पोतंभर! एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी आम्ही वेबअॅप बनवतो. पानावर दोनच बटणं, ‘बरं आहे’ आणि ‘मदत पाहिजे’. दाबलं की मुलाला कळतं. पण या दोन बटणांनी आमचा काय घाम काढलाय!

*

पहिल्याच डेमोत साहेब बटण दाबताहेत, दाबताहेत... काहीच नाही. "काऊन हलत नाई बे हे?"

कोड लिहिणारी सुनीता शांतपणे म्हणाली, "सर, ते अजून नुसतं चित्र आहे."

खरंच. पान आधी चित्रासारखं येतं. बटण दिसतं, पण दाबून उपयोग नसतो. सर्व्हरशी जोडलं गेलं की मग ते चालू. नेट अडलं तर चित्रच राहतं.

"मंग फ्रेम करून भिंतीवर लावू का?" साहेब म्हणाले.

*

हसलो खरे. पण पवनारच्या एका आजोबांचा मुलगा पुण्यात बसून दोन दिवस ‘बरं आहे’ वाचत राहिला. त्याच्या स्क्रीनवरचं पान म्हणजे परवाचं चित्र होतं! आजोबा तापानं फणफणत पडलेले. शेजारीण डोकावली म्हणून वाचले. मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

मग सुनीतानं पानालाच तपासायला लावलं. नुसतं आलेलं असेल तर कोपऱ्यात ‘चित्र’, जोडलं गेलं की ‘चालू’. चित्र असेपर्यंत बटणं कुलूपबंद.

*

एका दुपारी तिनं मुद्दाम नेटची वायर काढली. कोपऱ्यात ‘चित्र’ यायला हवं होतं. आलं ‘चालू’! "भूत!" साहेब ओरडले.

"भूत नाई, बग आहे, कोडातली चूक," म्हणत ती तीन दिवस शोधत बसली. सापडला नाही. चौथ्या दिवशी साहेबांनी मॉनिटरला लिंबू-मिरची बांधली!

*

अन् गेल्या महिन्यातलं. माझी आई समुद्रपूरला एकटी राहते, तिच्या फोनातही आमचंच अॅप. सकाळी दहाला ऑफिसातली स्क्रीन लाल झाली. आईचं नाव, ‘मदत पाहिजे’. फोन लावला तर बंद.

सुनीतानं नोंद उघडली अन् तिचा चेहराच उतरला. "अरे, काकूंचं पान कालपासून चालू झालंच नाई. चित्रच आहे. बटणाले कुलूप आहे!"

"बग मंग शोधजो," साहेब ओरडले, "आधी गाडी काढ!"

दार आतून बंद. शेजाऱ्यांनी कडी तोडली. आई न्हाणीत पडलेली, पाय मोडलेला, पण शुद्धीवर. मी रडतच तिला उचललं.

"किती आवाज देल्ले रे बापू, कोणाले ऐकूच नाई गेलं."

"तू बटण दाबलं ना आई, म्हणून तर आलो."



"फोन त कालचाच बंद पडला. कपाटात ठेवला हाय. तुले कोनं सांगतलं?"