घासलेली दुर्बीण

माझ्या भाचीच्या पायाला भिंगरी आहे. जुन्या बाजारातून वस्तू उचलायच्या आणि ऑनलाइन विकायच्या, हा तिचा धंदा. परवा तिला पितळी दुर्बीण सापडली. काळवंडलेल्या दुर्बिणीचा फोटो पाहून एक गिऱ्हाईक लगेच तयार झालं. पण पार्सल न्यायला माणूस येईपर्यंत हिला धीर कुठला? दुपारभर घासून तिने दुर्बीण लखलखीत केली आणि कौतुकाने नवा फोटो धाडला. उत्तर आलं, "जुनेपणच घासून टाकलंत. नको."

"मला दे," मी म्हणालो. "रंगमंचावर खलाशी झालो, तेव्हा पुठ्ठ्याचीच धरली होती."

"मामा, नाटकं पुरे! घरच्यांना विकलं तर तो धंदा कसला?"

तिने जाहिरातीत लिहिलं, 'मीच घासली आहे', आणि फोन हातात धरून येरझाऱ्या घालू लागली.