तंबोरा गळला नव्हता

“तंबोऱ्यातून ओघळणारे निळे अश्रू ही शिल्पकाराची मूळ कल्पना होती. घाटकोपरच्या ज्या टाकीवाल्यांनी पत्र्याचे काम केले, त्यांना तिचा अर्थ अखेरपर्यंत उमगला नाही.”

हे वाक्य मूकबधिर मुलांच्या एका शाळेच्या स्मरणिकेत छापून आले आहे. कागद गुळगुळीत आहे. शेजारी शिल्पकाराचे छायाचित्र आहे: हनुवटीखाली मूठ, नजर छताकडे. माझ्या सुनेने ती स्मरणिका मोठ्या कौतुकाने माझ्यापुढे ठेवली. “बाबा, यात तुमच्या गाळ्याचा उल्लेख आहे,” ती म्हणाली. उल्लेख आहे खरा. वाचून झाल्यावर मी उठून हात धुतले.

त्या टाकीवाल्यांपैकी एक मी. दुसरा माझा भागीदार, तो आता हयात नाही. म्हणून उत्तर देण्याचे काम एकट्या माझ्यावर आले आहे. आणि उत्तर फक्त या स्मरणिकेला देऊन भागणार नाही, कारण या प्रकरणाची दुसरीही एक हकीकत आमच्या गाळ्यांच्या वस्तीत वर्षानुवर्षे फिरत राहिली. ती छापलेली नाही, पण तिने अधिक नुकसान केले. ती म्हणते, “कसले अश्रू? ह्यांचा सांधा गळला.” स्मरणिकेने आम्हाला अडाणी ठरवले, ते एक वेळ मी पचवीन. पण टाकी करणाऱ्याचा सांधा गळतो असे म्हणणे, म्हणजे रोज शंभर पाने वाढणाऱ्या आचाऱ्याच्या भातात खडे निघतात असे म्हणण्यासारखे आहे. त्या माणसाकडे मग कोण जेवायला जाईल?

गिरणीच्या फिटिंग खात्यातली माझी नोकरी संपात गेली. तिथलाच माझा भागीदार. तो सातारकडचा, मी मालवणकडचा. तो जयंतीला चैत्यभूमीच्या बाजूला जाणारा, मी गणपतीला गावी पळणारा. दोघांनाही पत्रा कळत होता, एवढे भांडवल पुरेसे वाटले. घाटकोपरला डोंगराच्या पायथ्याशी एक गाळा भाड्याने घेतला आणि गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या करू लागलो. मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत तेव्हा नव्या सोसायट्या उठत होत्या आणि प्रत्येकीच्या डोक्यावर टाकी हवी होती. सांधे मी जोडायचो. गोल काम भागीदाराचे. वाळूने भरलेल्या चामडी उशीवर पत्रा ठेवून लाकडी मोगरीने तो असा ठोकत जाई, की सपाट पत्र्याला आपोआप पोट सुटे. त्याच्या हातासारखा हात मी पुढे पाहिला नाही, आणि हे मी कोणाच्या मयताला बोलतात तसे बोलत नाही. तो जिवंत असताना मी भांडतानाही त्याला त्याच्या तोंडावर हेच सांगत असे.

अशा गाळ्यात एके दिवशी शिल्पकार आले. अंधेरीचे. खादीचा झब्बा, काळा चष्मा आणि अंगाला वासाच्या तेलाचा असा दर्प की गॅसचा वास बरा. मूकबधिर मुलांच्या मदतीसाठी कलावस्तूंचा लिलाव होणार होता आणि त्यासाठी त्यांना दोन पुरुष उंचीचा धातूचा तंबोरा हवा होता. ऐकू न येणाऱ्या मुलांसाठी तंबोरा. ही कल्पना ज्याला सुचली त्याला त्यात काही खटकले नाही, हे मी तेव्हाच लक्षात ठेवायला हवे होते. त्यांनी आणलेले चित्र तळहाताएवढे होते. मी लहानपणापासून भजनात बसलेला. चित्र पाहिले आणि बोटाने मोजले.

“साहेब, तंबोऱ्याला चार तारा असतात. पाचही असतात. तुम्ही सात काढल्यात.”

“सात सूर, सात तारा,” ते म्हणाले. “हे प्रतीक आहे, मिस्त्री. तुम्ही पत्रा कापा.”

ते गेल्यावर भागीदार मला म्हणाला, “आरं, ह्याच्या तंबोऱ्याची सतारीशी सोयरीक झाली वाटतं.”

आम्ही पत्रा कापला. तळहाताएवढ्या चित्रावरून दोन पुरुष उंचीचा तंबोरा होत नसतो. दांडीची जाडी किती, ती उभी राहील कशी, भोपळ्याचे पोट किती पुढे यावे, यातले एकही माप त्या कागदावर नव्हते. भागीदाराने जस्ताच्या पत्र्याच्या आठ पाकळ्या ठोकून काढल्या आणि मी त्या जोडल्या. पुढून सपाट पत्रा लावून पोट बंद केले. फक्त वर, जिथे दांडी बसायची, तिथे तोंड उघडे ठेवले. पत्रा पिचकू नये म्हणून आतल्या अंगाला लोखंडी अँगलची कडी फिरवली, टाकीला फिरवतो तशीच. शिल्पकार दर दोन दिवसांनी येत, रुमाल नाकाला लावून दारातूनच बघत आणि “फील येत नाहीये” असे म्हणून जात. त्यांच्या हाताला त्या तंबोऱ्याचा पहिला स्पर्श झाला तो सोनेरी रंग फवारताना. तो रंगही ओघळला. तो मी पुसला.

आता मी माझी चूक सांगतो. ती इतक्या वर्षांत मी कोणालाही सांगितलेली नाही.

भोपळा बंद झाला त्या दिवशी भागीदाराने सवयीने चुना कालवला आणि साऱ्या सांध्यांवरून पांढरा हात फिरवला. मग बादलीत नीळ घोळली. आमची रीत अशी, की टाकी तयार झाली की सांध्यांना बाहेरून चुना लावायचा आणि आत निळीचे पाणी भरायचे. सुईच्या टोकाएवढी जरी फट असली, तरी पांढऱ्यावर निळा ठिपका उमटतो. ठिपका नाही, तर टाकी पास.

मी ओरडलो, “काय रे मेल्या, तंबोऱ्यात पाणी भरून काय करतलस? आंघोळ?”

“जे बंद केलं, ते पाण्यानं बघायचं.”

“ही काय टाकी आसा?”

“सांधा तुझाच हाय न्हवं? मग भितोस कशाला?”

भरले पाणी. रात्रभर ठेवले. सकाळी चुना होता तसा पांढराशुभ्र. भागीदार भोपळ्याभोवती दोनदा फिरला आणि माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. त्याच्याकडून मिळणारी शाबासकी तेवढीच असे.

टाकी रिकामी करायची तर ती दोनदा उलटवावी लागते. पहिल्या वेळी थोडे पाणी आतल्या कडीमागे अडून बसते. टाकी सरळ करून पुन्हा पालथी घातली, की तेही निघते. हे आमच्याकडे झाडू मारणाऱ्यालाही ठाऊक. पण त्या सकाळी दारात शिल्पकारांची गाडी भोंगा वाजवत उभी होती, ते गाडीत बसूनच ओरडत होते, आणि मी भागीदाराला म्हटले, “पुरे, निघाला सगळा.” तोंडातून धार थांबली होती, म्हणून मी तसे म्हटले. भोपळा एकदाच उलटवला गेला. सरळ केल्यावर कडीमागचे पाणी तळाशी जाऊन बसले. त्यावर आम्ही दांडी चढवली, खुंट्या बसवल्या, पुढच्या पत्र्याला, तारा टेकतात त्या घोडीखाली, तारांसाठी सात भोके पाडली. पाणी भोकांच्या खाली होते, कोणाला दिसणार? अडाणीपणा नव्हे, घाई. आणि घाई माझी.

ते पाणी त्या पोटात पाच दिवस राहिले. टेंपोत उभ्या बांधलेल्या तंबोऱ्यातून घाटकोपरहून जुहूपर्यंत हिंदकळत गेले. पाच दिवसांत एका सांध्यातून एक थेंब बाहेर आला नाही. “सांधा गळला” म्हणणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावे.

लिलाव समुद्राकडच्या एका क्लबात होता. आम्हाला बोलावले होते, पण पाहुणे म्हणून नव्हे. तंबोरा हलवायचा झाला तर माणसे हवीत म्हणून. धुतलेले सदरे घालून आम्ही स्वयंपाकघराच्या दारापाशी उभे होतो. समोरून कोळंबीची ताटे जात होती आणि अर्धवट खाल्लेली परत येत होती. मुलांना गणवेश घालून पहिल्या रांगेत बसवले होते. शाळेच्या बाईंनी हात वर केला की मुले टाळ्या वाजवत. कशाला वाजवतो आहोत, हे त्यांना कोणी खुणेनेही सांगत नव्हते.

तंबोऱ्याची बोली सुरू झाली आणि लगेच अडली. पाहुण्यांना तो नीट दिसत नव्हता. शिल्पकारांनी आमच्याकडे बोट केले: “जरा पुढे कलवा रे.” आम्ही दोघांनी दांडी धरून तो लोकांकडे कलवला. पोट पुढे झुकले, पाणी पुढच्या पत्र्यावर आले, आणि त्या सात भोकांतून सोनेरी रंगावरून निळे थेंब ओघळू लागले.

शिल्पकार आमच्या अंगावर आले. ओठ न हलवता म्हणाले, “वाट लावलीत, हरामखोरांनो. पुसा ते.” भागीदाराने खांद्यावरचा पंचा काढलाही होता. तेवढ्यात पुढच्या टेबलावरच्या, हिऱ्यांनी मढलेल्या एक बाई किंचाळल्या, “अरे देखो, रो रहा है!”

मी शिल्पकारांचा चेहरा हातभर अंतरावरून पाहिला. त्यावरचा राग जसाच्या तसा राहिला आणि त्याच्यावर दुसरा चेहरा चढला. ओल्या भिंतीवर रंग चढवावा तसा. त्यांनी भागीदाराचा पंचा हाताने बाजूला सारला, माइक घेतला आणि घोगऱ्या आवाजात म्हणाले, “जो नाद या मुलांपर्यंत पोहोचत नाही, तो रडतो आहे.”

शाळेच्या बाईंनी हात वर केला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच वाजवल्या, आणि बोली अशी चढली की लिलाव पुकारणारा माणूस बोलताना थुंकी गिळू लागला. एका बिल्डरने तंबोरा घेतला. हिऱ्यांच्या बाई डोळे पुसत होत्या.

भागीदार माझ्या कानाशी पुटपुटला, “रडतोय म्हनं. आरं, आपल्या नळाचं पानी ते.”

मी माइककडे निघालो. खरोखर निघालो; चार पावले गेलो असेन. त्याने मागून माझा सदरा धरला.

“कुठं?”

“सांगतंय सगळ्यांका.”

“काय सांगशील? टाकी रिती करायला इसरलो म्हून?”

मी थांबलो. यातच माझा सारा दोष आहे, आणि तो मी मान्य करतो. त्यांचे खोटे उघडे पाडायचे तर आमची चूक आधी सांगावी लागली असती, आणि गोड्या पाण्याच्या टाक्या विकणाऱ्या माणसाला चारचौघांत ते बोलवले नाही. तंबोरा सरळ केला आणि आम्ही स्वयंपाकघराच्या दाराने बाहेर पडलो.

गप्प बसण्याचे फळ आठवड्यात मिळाले. टेंपोवाल्याने वस्तीत गोष्ट नेली: घाटकोपरच्या अमक्यांचा तंबोरा भर सभेत गळला. मुलुंडच्या एका सोसायटीचे सेक्रेटरी टाक्या सांगून गेले होते, त्यांनी निरोप पाठवला की “तूर्त नको.” चहाच्या टपरीवर शेजारचा गाळेवाला भागीदाराला म्हणाला, “काय शेठ, आज कुणाचे डोळे गाळताय?” त्या दिवसापासून भागीदार प्रत्येक टाकी गिऱ्हाइकासमोर निळीच्या पाण्याने भरू लागला आणि दिवसभर तिच्याशेजारी स्टुलावर बसून राहू लागला, ठिपका येतो का ते त्यालाच बघायचे असल्यासारखा. ज्याच्या पाकळ्यांना कधी मुरड पडली नाही, ज्याचा त्या चुकीत काही हात नव्हता, तो माणूस माझ्या तीन शब्दांची शिक्षा भोगत बसला होता. मी त्याला एकदा म्हटले, “पुरे रे, आता उठ.” तो म्हणाला, “तू मागंबी पुरेच म्हनला हुतास.” ते हसून म्हणाला. मला ते अजून टोचते.

आणि आता ही स्मरणिका. बिल्डरने तो तंबोरा पुढे त्या शाळेला देऊन टाकला म्हणे, आणि शिल्पकारांनी शाळेला त्याची कथा दिली. “अंतर्भागात बसवलेली जलयोजना,” असे पुढच्या परिच्छेदात आहे. “विशिष्ट निळी छटा मिळवण्यासाठी केलेले दीर्घ प्रयोग,” असेही आहे. माझ्यावर कोणा वाचकाने विश्वास ठेवावा असा माझा हट्ट नाही. मी फिर्यादी आहे आणि माझा साक्षीदार गेला. म्हणून माझे म्हणणे, माझी चूक, सभागृहातली शिवी, सारे बाजूला ठेवा. फक्त एक गोष्ट घ्या.

लिलावाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, तंबोरा बिल्डरच्या घरी पोहोचायच्या आधी, शिल्पकार आमच्या गाळ्यात आले. रुमाल नाकाला न लावता आत आले, काळा चष्मा काढला, दार लोटून घेतले आणि माझ्या भागीदाराला हलक्या आवाजात विचारले, “दादा, ते निळं नेमकं काय होतं?”